चाकाची ऐट आणि रबराची भिंत

अहमदपुरातील एका मालकाने आपल्या गाडीला शर्यतीच्या मोटारीसारखी मोठी चाके बसविली. आठ दिवसांत खड्ड्यात रिम वाकली आणि भुर्दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापला गेला. तेव्हा आम्हांस हा हिशेब शिकावा लागला.

टायरवर 245/75 आर 16 असे लिहिलेले असते. 245 ही रुंदी, मिलिमीटरांत. टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा 75. रिमचा व्यास 16 इंच. नाशिकला तयार होणारी थार 2020 साली नव्या रूपात आली, तिला हा टायर किंवा 255/65 आर 18 असे. गुणाकार करून पाहा. पहिल्या चाकाची उंची 774 मिलिमीटर, दुसऱ्याची 789. फरक शेकडा दोन, म्हणून स्पीडोमीटर 80 दाखवी तेव्हा खरा वेग साडेएक्याऐंशी, इतकेच. पण रबराची भिंत 184 वरून 166 वर उतरली!

भिंत आखूड असली की वळणावर गाडी कमी डोलते. शर्यतीच्या गाडीला तेच हवे. तिच्यापुढे रस्ताही गुळगुळीत असतो. आमच्याकडे खड्डा सोसते ती हीच भिंत. मालकाचा टायर होता 255/50, म्हणजे भिंत अवघी 128. हे आकडे कागदावर मांडून आम्ही त्यांच्यापुढे ठेवले. पुढच्या पगारात पैसे परत आले.