निवृत्त पाणबुडी आणि गंज

अहिल्यानगरचे १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आपण सहलीत पाहिले असेल. तेथील जुने रणगाडे कोरड्या हवेत उभे आहेत. निवृत्त युद्धनौकेचे मात्र तसे नसते. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षे तरंगते संग्रहालय होती. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद झाले आणि २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली.

लोखंड गंजायला पाणी व ऑक्सिजन दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असले की त्यातून वीज सहज वाहते व गंज झपाट्याने चढतो. म्हणून नौका सुक्या गोदीत नेऊन वेळोवेळी खरवडतात, रंगवतात. शिवाय तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त स्वतः झिजते, लोखंड वाचते. नौका निवृत्त झाली तरी हा खर्च निवृत्त होत नाही.

‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली. विशाखापट्टणमला तिला पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावर बसवले; २००२ पासून लोक ती आतून पाहतात. गोदीची गरज संपली, पण खारा वारा आहेच. जमिनीवर जस्ताचे ठोकळेही निकामी, कारण भोवती वीज वाहून नेणारे पाणी नाही. भिस्त उरते ती रंगावर.

वर्गात तीन खिळे घ्या: एक कोरड्या बाटलीत, दुसरा मिठाच्या पाण्यात, तिसरा जस्ताचा मुलामा दिलेली तार गुंडाळून तशाच पाण्यात. आठवड्याने मुलांनाच विचारा, पाणबुडी जपायला दरवर्षी पैसे का लागतात?