सह्याद्री : पाऊस अडवणारा, नद्या पूर्वेला धाडणारा

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे 1,600 किलोमीटर पसरलेला सह्याद्री हिमालयाच्या मानाने ठेंगणा असला, तरी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या वाटेत तो आडवा उभा असल्याने पश्चिम महाराष्ट्राचे पर्जन्यमान बव्हंशी तोच ठरवतो. अरबी समुद्रावरून येणारी बाष्पयुक्त हवा त्याच्या कड्याला अडून वर चढते, उंचीवर दाब कमी असल्याने प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू होऊन पाऊस कोसळतो. यालाच प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. घाटमाथा ओलांडून हीच हवा उतरू लागली की ती आकुंचन पावून तापते, ढग विरतात आणि पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा, प्रदेश सुरू होतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जवळच्याच पाचगणीत त्याच्या निम्माही नाही, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळी म्हणूनच ओळखला जातो. पाठ्यपुस्तकातील हे चित्र मात्र थोडे अपुरे आहे, कारण कड्याशी पोहोचण्याआधीच हवा मंदावून साचते आणि किनाऱ्यावरही धुवाधार पाऊस पाडते. शिवाय पूर्व विदर्भात पाऊस पुन्हा वाढतो, तो बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे.

नद्यांचे गणित याहून विलक्षण आहे. पठाराचा उतार पूर्वेकडे असल्याने त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी अवघ्या 80 किलोमीटरवरील अरबी समुद्राकडे पाठ फिरवून 1,465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरच्या पठारावरून कृष्णाही पूर्वेला जाते, तर तिथलीच सावित्री कडा उतरून बाणकोटच्या खाडीत शिरते. ढगांनी नाकारलेले पाणी पर्जन्यछायेला नदी देते, हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे: कृष्णाकाठ त्यामुळे बागायती झाला, पण माण-आटपाडीचा माळ नदीपात्राहून उंच असल्याने तिथे टेंभूसारख्या उपसा योजनांनी वीज जाळून पाणी चढवावे लागते.

याच्या नेमके उलट कोयनेत घडते. कृष्णेची उपनदी असलेल्या पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या वीजगृहात सोडले जाते आणि पुढे ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रात जाते; या वळवलेल्या पाण्यावर कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची, म्हणजे 67.5 अब्ज घनफुटांची, मर्यादा घातली.