पहिल्या पानाचे आश्वासन : अनाहूत ‘एसईओ’ प्रस्ताव कसा पारखावा?

नवी दिल्ली : दिल्लीतील बाडा हिंदूराव, आझाद मार्केट आणि सदर बाजार या एकमेकांना लागून असलेल्या घाऊक बाजारपेठांत ताडपत्री आणि कॅनव्हासपासून खेळण्यांपर्यंत असंख्य वस्तूंची उलाढाल होते. ओळख, उधारी आणि शब्द यांवर चालणाऱ्या अशा बाजारांतील व्यापारीही आता संकेतस्थळ काढून परगावच्या ग्राहकापर्यंत पोहोचू पाहत आहेत. मात्र संकेतस्थळ सुरू झाले, की ग्राहकाच्या आधी बहुधा एक वेगळाच पाहुणा दार ठोठावतो. ‘आपले संकेतस्थळ गुगलवर दिसत नाही; तीस दिवसांत पहिल्या पानावर आणून देऊ’ अशा आशयाचा ई-मेल, व्हॉट्सॲप संदेश किंवा दूरध्वनी येतो. न मागता आलेला हा प्रस्ताव स्वीकारावा की कचऱ्याच्या पेटीत टाकावा, हा प्रश्न लहान व्यावसायिकासाठी किरकोळ नाही. चुकीच्या निर्णयात दरमहाचे शुल्क तर जातेच. प्रसंगी संकेतस्थळाची पत आणि त्यावरील ताबाही जातो.

एसईओ म्हणजे काय?

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, अर्थात एसईओ, म्हणजे शोधयंत्राला संकेतस्थळ नीट वाचता यावे आणि योग्य शोधाच्या वेळी ते वर दिसावे, यासाठी केलेली रचना आणि मजकुराची कामे. पानांना अर्थपूर्ण शीर्षके देणे, मोबाइलवर पान लवकर उघडेल असे पाहणे, तुटलेले दुवे दुरुस्त करणे आणि ग्राहक विचारतो त्या प्रश्नांची उत्तरे संकेतस्थळावर ठेवणे ही त्यातील सर्वसाधारण कामे होत. हे काम प्रामाणिकपणे करणारे व्यावसायिक आहेत आणि त्याचा उपयोगही होतो.

मात्र या कामाला मर्यादा आहे. गुगलच्या शोधात जाहिराती आणि स्वाभाविक निकाल हे दोन वेगळे भाग असतात. जाहिरातीसाठी पैसे मोजावे लागतात. स्वाभाविक निकालातील स्थान विकत मिळत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलने संकेतस्थळचालकांसाठीच्या आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे. अनाहूत ई-मेल पाठवणाऱ्या एसईओ संस्थांविषयी सावध राहण्याचा सल्लाही त्यात आहे. ‘आपण प्रमुख शोधयंत्रांमध्ये दिसत नाही’ असे सांगणारे ई-मेल खुद्द गुगललाही येतात, असा मासला तेथे दिला आहे. ज्याला पत्र पाठवायचे त्याचे संकेतस्थळ न पाहताच ही पत्रे रवाना होतात, याचा याहून बोलका पुरावा नाही.

शब्द कोणता, हे महत्त्वाचे

‘पहिले पान’ या आश्वासनातील खरी मेख शब्दाच्या निवडीत असते. याचे उदाहरण या परिसराच्या नावातच सापडते. हिंदूराव घाटगे हे मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील. ग्वाल्हेरच्या महाराणी बायजाबाई शिंदे यांचे ते बंधू. दिल्लीच्या रिजवर ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझर याने बांधलेला वाडा १८३५ मध्ये फ्रेझरची हत्या झाल्यानंतर हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या लढ्यात हीच वास्तू ब्रिटिश फौजेचे मोक्याचे ठाणे होती. पुढे त्याच ठिकाणी हिंदूराव रुग्णालय उभे राहिले.

परिणामी ‘हिंदूराव’ हा शब्द शोधणाऱ्या बहुतेकांना रुग्णालय हवे असते, ताडपत्री नव्हे. एखाद्या ताडपत्री विक्रेत्याचे पान या शब्दासाठी कोणी वर आणून दाखवले, तरी येणारा माणूस बाह्यरुग्ण विभागाची वेळ शोधत आलेला असेल. संकेतस्थळावरील भेटींचा आकडा वाढेल, गल्ला मात्र तसाच राहील. याउलट दुकानाचे संपूर्ण नाव किंवा कोणीही शोधत नाही असा लांबलचक शब्दसमूह घेऊन पहिला क्रमांक मिळवणे फारसे अवघड नसते. हमी ‘पूर्ण’ होते, ग्राहक येत नाही. म्हणून ‘कोणत्या शब्दासाठी, आणि तो शब्द कोण शोधतो?’ हा प्रस्तावकर्त्याला विचारायचा पहिला प्रश्न होय.

शोधाचा निकाल शोधणाऱ्याच्या ठिकाणानुसारही बदलतो. त्यामुळे प्रस्तावकर्त्याने पाठवलेले पडद्याचे एक छायाचित्र म्हणजे देशभरातील क्रमवारीचा पुरावा नव्हे.

अहवालातील लाल खुणा

अनेक प्रस्तावांसोबत ‘मोफत तपासणी अहवाल’ जोडलेला असतो. त्यात लाल रंगाने दाखवलेल्या चुकांची लांबलचक यादी असते. असे अहवाल स्वयंचलित साधनांतून काही क्षणांत तयार होतात. त्यातील सगळ्याच नोंदी खोट्या नसतात; पण कोणती चूक धंद्याला बाधते आणि कोणती नगण्य आहे, हे त्यातून कळत नाही. ‘डोमेन ऑथॉरिटी’ कमी असल्याची भीतीही वारंवार घातली जाते. हा निर्देशांक मॉझ या खासगी कंपनीचा आहे, गुगलचा नाही.

मूळ दावा तपासण्यासाठी पैसे लागत नाहीत. गुगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहिल्यास गुगलच्या नोंदीतील पानांचा अंदाज येतो. गुगल सर्च कन्सोल या मोफत साधनात याहून नेमकी माहिती मिळते. लोक कोणत्या शब्दांवरून आले, कोणती पाने नोंदवली गेली नाहीत आणि नियमभंगाबद्दल काही कारवाई झाली आहे का, हे तेथे दिसते. दुकानाची नकाशावरील नोंद, अर्थात गुगल बिझनेस प्रोफाइल, हीदेखील विनाशुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणारा दूरध्वनी गुगलच्या नावाने आला, तर तो संशयास्पद समजावा.

आणखी एक प्रकार बिलाच्या रूपात येतो. ‘आपल्या डोमेनची एसईओ नोंदणी संपत आहे, त्वरित नूतनीकरण करा’ असा मजकूर त्यात असतो. डोमेनचे नूतनीकरण ही खरी बाब आहे आणि ते ज्या संस्थेकडे नोंदवले तिच्याकडेच करायचे असते. ‘एसईओ नोंदणी’ नावाची सक्तीची कोणतीही गोष्ट अस्तित्वात नाही.

झटपट मार्गाची किंमत

थोड्या दिवसांत निकाल दाखवण्याचा सर्वांत प्रचलित आडमार्ग म्हणजे इतर संकेतस्थळांवरून विकत घेतलेले दुवे. क्रमवारीसाठी दुव्यांची खरेदी-विक्री गुगलच्या धोरणात बसत नाही. एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ बदलानंतर अशा दुव्यांच्या आधारे वर आलेली अनेक संकेतस्थळे खाली घसरली. मार्च २०२४ मध्ये केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या निकृष्ट मजकुराविरुद्धही धोरण कठोर करण्यात आले.

या कारवाईतून बड्या कंपन्याही सुटल्या नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ शोधयंत्राला वेगळी पाने दाखवल्याबद्दल गुगलने काही काळ निकालांतून वगळले. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतील जेसी पेनी या विक्रेत्या कंपनीचे स्थान विकत घेतलेल्या दुव्यांचे प्रकरण उजेडात आल्यानंतर घसरले. संबंधित एसईओ संस्थेला कंपनीने कामावरून दूर केले. परंतु दंड संकेतस्थळालाच भोगावा लागला. मोठी कंपनी असा फटका पचवते. ज्याची चौकशी महिन्याला पन्नास फोनवर चालते, त्या दुकानदाराला तो पेलत नाही.

हिशेब मांडून पाहावा

प्रस्ताव प्रामाणिक वाटला, तरी तो परवडतो का, हा प्रश्न उरतो. समजा, मासिक शुल्क १२,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून खर्च १४,१६० रुपये होतो. एका मागणीमागे सर्व खर्च वजा जाता १,५०० रुपये सुटत असतील, तर केवळ शुल्क भरून निघण्यासाठी दरमहा दहा जादा मागण्या याव्या लागतील. वीस चौकशांमागे एक मागणी पक्की होत असेल, तर दहा मागण्यांसाठी दोनशे नव्या चौकशा हव्यात. भरलेल्या कराची वजावट मिळत असेल, तर हा आकडा आठ मागण्या आणि एकशे साठ चौकशा असा उतरतो. तेवढे लोक ती वस्तू खरोखर शोधतात का, याचे उत्तर नाही असेल तर प्रस्ताव कितीही आकर्षक असो, तो नाकारणेच शहाणपणाचे.

यात काळाचाही विचार हवा. सुधारणांचा परिणाम दिसण्यास साधारणतः चार महिने ते एक वर्ष लागू शकते, असे गुगलचे मार्गदर्शन सांगते. त्यामुळे ‘तीस दिवसांत’ हे शब्द आकर्षणापेक्षा इशारा म्हणून वाचावेत.

चावी कोणाच्या हाती?

सर्वांत मोठे नुकसान शुल्काचे नसून ताब्याचे असू शकते. डोमेनची नोंदणी व्यावसायिकाच्या स्वतःच्या नावाने आणि त्याच्याच ई-मेलवर असावी. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलची मालकी स्वतःकडे ठेवून बाहेरच्या व्यक्तीला मर्यादित प्रवेश देता येतो; पासवर्ड देण्याची गरज नसते. तपासणीच्या टप्प्यावर केवळ पाहण्याचा अधिकार पुरेसा आहे. करार संपल्यावर हा प्रवेश काढून घेता आला पाहिजे.

संस्थेची ओळखही पडताळावी. बिलावरील पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक शासकीय पोर्टलवर आणि कंपनीचे नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. लहान उलाढालीच्या व्यावसायिकाला जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते; त्यामुळे क्रमांक नाही म्हणजे फसवणूकच, असा निष्कर्ष काढू नये. मात्र पत्ता, पूर्वीची कामे आणि बोलता येतील असे जुने ग्राहक यांपैकी काहीच दाखवता येत नसेल, तर थांबावे.

कायद्याचे संरक्षण किती?

नको असलेले व्यापारी दूरध्वनी आणि लघुसंदेश यांवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०१८ ची नियमावली लागू आहे आणि १९०९ या क्रमांकावर त्यांची तक्रार करता येते. ई-मेल मात्र या नियमावलीच्या कक्षेत येत नाहीत. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तातडीने कळवावे. पैसे पुढे वळवले जाण्यापूर्वी ते रोखण्याची शक्यता त्याने वाढते. केवळ अपेक्षित निकाल न मिळणे हा बहुधा कराराचा वाद ठरतो. म्हणूनच कोणती कामे, कोणत्या मुदतीत आणि कोणत्या निकषावर, हे आधीच लेखी असणे आवश्यक आहे.

न मागता आलेला प्रत्येक प्रस्ताव लबाडीचा असतोच असे नाही. नव्याने धंद्यात उतरलेला एखादा तरुणही असाच ग्राहक शोधतो. त्याच्या पत्रात संकेतस्थळावरील एखादे विशिष्ट पान, त्यातील पडताळता येणारी चूक आणि ती सुधारण्याचा मर्यादित खर्च असतो. त्याला आधी एकच लहान काम देऊन पाहता येते. हमी, घाई आणि पासवर्डची मागणी ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर उत्तर न देणेच इष्ट. घाऊक बाजारातील व्यापारी नमुना पाहिल्याशिवाय माल उचलत नाही. एसईओच्या प्रस्तावालाही हाच नियम लागू पडतो.