मुंबईचे सागवान, नानजिंगची सही

२९ ऑगस्ट १८४२. यांगत्झी नदीच्या पात्रात, नानजिंग शहरासमोर ‘कॉर्नवॉलिस’ हे ७४ तोफांचे ब्रिटिश लढाऊ जहाज नांगर टाकून उभे होते. चीनच्या सम्राटाचे प्रतिनिधी कीयिंग आणि इलिपू या जहाजावर आले आणि त्यांनी तह मान्य केला. हाँगकाँग बेट गेले. पाच बंदरे परक्या व्यापाराला खुली करावी लागली. दोन कोटी दहा लाख डॉलरची भरपाई कबूल करावी लागली. चिनी लोक आपल्या मानहानीच्या शतकाचा आरंभ या तहाने संपलेल्या अफूच्या युद्धापासूनच मोजतात.

हे जहाज बांधले गेले होते आपल्या मुंबईच्या गोदीत, १८१३ साली, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली. आणि ब्रिटनतर्फे तहावर सही करणारे सर हेन्री पॉटिंजर महाराष्ट्राला अनोळखी नव्हते. पेशव्यांविरुद्धच्या अखेरच्या युद्धात ते पुण्याचे ब्रिटिश रेसिडेंट एल्फिन्स्टन यांचे सहायक होते आणि युद्ध संपल्यावर अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, कलेक्टर झाले. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की तोच जिल्हा लागतो. चीनच्या आरमाराची कहाणी शिरूर-दौंडच्या वाचकाला दूरची वाटते, पण तिचे धागे भीमेच्या काठापर्यंत येऊन पोचतात.

मुळात चीन समुद्राला घाबरणारा देश कधीच नव्हता. जहाजावर होकायंत्र वापरल्याची चिनी नोंद १११९ सालच्या एका ग्रंथात सापडते. ११३२ मध्ये दक्षिणेतल्या सोंग राजवटीने कायमस्वरूपी आरमार उभे केले. त्यात पायांनी चाके फिरवून चालवायच्या युद्धनौकाही होत्या. ११६१ मध्ये उत्तरेच्या जिन फौजा यांगत्झी ओलांडायला आल्या, तेव्हा त्साइशी येथे या चाकांच्या नौकांनी दारूगोळ्याचा मारा करून त्यांना परतवले. नदी राखली म्हणून राज्य राहिले.

त्या काळचे जहाज कसे होते, हे आज प्रत्यक्ष पाहता येते. १९७४ मध्ये फूजियान प्रांतातल्या च्वानचौच्या खाडीतून तेराव्या शतकातल्या एका व्यापारी जहाजाचा सांगाडा उकरून काढण्यात आला. तो सुमारे २४ मीटर लांब आहे. आत आडव्या १२ भिंती घालून १३ कप्पे पाडलेले आहेत. खडकाचा तडाखा बसून एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे राहत आणि जहाज तरंगत राही. फळ्यांच्या फटींत ताग, चुना आणि तुंग झाडाचे तेल यांचे मिश्रण ठासलेले होते. पोटात माल होता सुगंधी लाकूड, मिरी, सुपारी आणि कवड्यांचा. कप्प्यांची ही युक्ती युरोपातल्या जहाजबांधणीत रुळायला पुढे काही शतके जावी लागली.

या परंपरेचा कळस म्हणजे सेनापती चंग ह. १४०५ ते १४३३ या काळात मिंग सम्राटांच्या हुकमाने त्याच्या सात सफरी झाल्या. पहिल्या सफरीत तीनशेहून अधिक जहाजे आणि सुमारे सत्तावीस हजार माणसे होती, आणि तिचा मुख्य मुक्काम होता आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे कालिकत. पुढच्या सफरी होर्मुझ, एडन आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेल्या. ही प्रचंड जहाजे नानजिंगच्या गोदीत बांधली जात. सफरींच्या गौरवार्थ सम्राटाने त्याच शहरात चिंगहाय मंदिर बांधले. चार शतकांनंतर, १८४२ च्या तहाच्या वाटाघाटी याच मंदिरात झाल्या.

मधल्या काळात चीनने समुद्राकडे पाठ फिरवली. त्याला कारणेही तशीच होती. १४२१ मध्ये राजधानी नानजिंगहून बीजिंगला गेली. उत्तरेच्या सरहद्दीवर मंगोलांचा धोका वाढला आणि १४४९ मध्ये खुद्द सम्राट त्यांच्या हाती कैद झाला. पैसा आणि माणसे तिकडे लागली. दक्षिणेचे धान्य आता मोठ्या कालव्याने सुरक्षितपणे राजधानीला पोचत होते, त्यामुळे दरबाराला समुद्राची गरज वाटेना. खासगी सागरी व्यापारावर बंदी आली आणि मोठी जहाजे बांधण्यावर निर्बंध आले. किनाऱ्यावरच्या लोकांची दर्यावर्दी विद्या शिल्लक राहिली, पण तिच्यामागे राज्यसत्ता उरली नाही.

ही विद्या मेली नव्हती, याचा पुरावा सतराव्या शतकात मिळाला. चीनमधला सेनानी चंग चंगकुंग, ज्याला युरोपीय लोक कोक्सिंगा म्हणत, त्याने १६६१ मध्ये शेकडो जहाजे घेऊन तैवानमधल्या डच किल्ल्याला वेढा घातला आणि फेब्रुवारी १६६२ मध्ये डचांना शरण यायला लावले. त्याच सुमारास इकडे शिवाजी महाराज कल्याण-भिवंडीच्या खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधून घेत होते. दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती: टोपीकरांचे बळ त्यांच्या जहाजांत आहे.

पुढे दोन्हीकडे जे घडले तेही सारखेच आहे. १६८३ मध्ये छिंग राजवटीने तैवान जिंकले आणि समुद्रावर आपला कोणी प्रतिस्पर्धी उरला नाही अशी समजूत करून घेतली. आपल्याकडे सरखेल कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना जेरीस आणले, पण नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. घाटावरच्या घोडदळाला किनाऱ्याचे मोल कळले नाही. त्याची किंमत पुढे घाटावरच मोजावी लागली. १८०२ च्या वसईच्या तहानंतर ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि पुणे-नगर रस्त्यावर शिरूरला तिची छावणी पडली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला लढलेली कंपनीची पलटण आदल्या रात्री याच शिरूरहून निघाली होती. या सगळ्या सत्तेचे मूळ मुंबई बंदरात होते.

त्या बंदरातली सर्वांत मोलाची जागा म्हणजे गोदी. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने ती नावारूपाला आणली. ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागवानाच्या तेलकटपणामुळे खिळे टिकतात, आणि लाकडाला कीड-वाळवीही सहज लागत नाही. म्हणून ब्रिटिश आरमाराने मुंबईत जहाजे बांधून घेतली. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ ची ‘वेलस्ली’, १८१७ ची ‘मेलव्हिल’ ही तिन्ही ७४ तोफांची जहाजे मुंबईची, आणि तिन्ही चीनवर चालून गेली. जुलै १८४० मध्ये चूशान बेटावर तोफा डागणाऱ्या ताफ्याच्या अग्रभागी ‘वेलस्ली’ होती.

युद्धाचे कारणही मुंबईच्या धक्क्यावरून जात होते. माळव्यातली अफू मुंबईत जहाजांवर चढे आणि कँटनच्या बाजूला उतरे. या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाई अग्रणी होते. तरुणपणीच त्यांच्या चीनच्या वाऱ्या झाल्या. १८०५ मध्ये ‘ब्रन्सविक’ जहाजावर असताना ते फ्रेंचांच्या कैदेत सापडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा डॉक्टर होता, जो पुढे चीनच्या व्यापारातला बडा असामी आणि जमशेटजींचा भागीदार ठरला. १८३९ मध्ये आयुक्त लिन त्सशू यांनी अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या आणि ब्रिटनला युद्धाचे निमित्त मिळाले.

लढाई विषम होती. चिनी जंक नौका आणि किनाऱ्यावरचे बुरूज शूरपणे लढले, पण कंपनीची ‘नेमेसिस’ ही लोखंडी आगबोट त्यांच्या कल्पनेपलीकडची होती. तिचा तळ सपाट होता, म्हणून उथळ पाण्यात ती सहज शिरे, आणि वाफेवर चालत असल्याने तिला वाऱ्याची वाट पाहावी लागत नसे. ७ जानेवारी १८४१ रोजी चुएनपी येथे तिने सोडलेल्या अग्निबाणाने एका जंक नौकेचे दारूकोठार पेटले आणि ती नौका क्षणात उडाली. पुढच्या वर्षी आगबोटींनी शिडाची जड जहाजे यांगत्झीतून वर ओढत नेली. २१ जुलै १८४२ रोजी चनचियांग पडले. मोठा कालवा तिथेच नदीला ओलांडतो. राजधानीच्या धान्याची नाडी इंग्रजांच्या हाती आली आणि दरबार तहाला राजी झाला. नदी राखायला आता आरमार उरले नव्हते.

ज्या चीन-व्यापारातून हे युद्ध पेटले, त्यातच कमावलेल्या संपत्तीतून जमशेटजी जीजीभाईंनी मोठे दानधर्म केले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध स्मारक, पण पुण्याच्या बंड गार्डनजवळचा मुळा-मुठेवरचा बंधाराही त्यांच्याच मोठ्या देणगीतून १८५० च्या सुमारास उभा राहिला. तो बंधारा ओलांडून मुळा-मुठा थेऊरवरून दौंड तालुक्यात येते आणि राहू बेटाला वळसा घालून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. संगमाच्या एका काठाला दौंड तालुका, दुसऱ्या काठाला शिरूर.

चीनने पराभवातून धडा घेतला, पण अर्धवट. १८६६ मध्ये फूचौला आधुनिक गोदी सुरू झाली. पुढे जर्मनीहून पोलादी युद्धनौका विकत घेऊन पेइयांग आरमार उभे केले. मात्र निधी दरबाराच्या उन्हाळी महालाकडे वळला, तोफगोळे अपुरे पडले आणि प्रांतोप्रांतीचे आरमार एकमेकांच्या मदतीला गेले नाही. १८९४ मध्ये यालू नदीच्या मुखाशी जपानने या आरमाराचा पराभव केला. १८९५ च्या फेब्रुवारीत वेइहायवेइ येथे सेनापती तिंग रूछांग यांनी आत्महत्या केली.

२३ एप्रिल १९४९ रोजी स्थापन झालेले आजचे चिनी नौदल जहाजांच्या संख्येने जगात सर्वांत मोठे आहे. डिसेंबर २००८ पासून त्याच्या युद्धनौका एडनच्या आखातात गस्त घालतात. २०१७ मध्ये जिबूतीला त्याचा तळ सुरू झाला. चंग ह जिथे गेला होता, त्याच पाण्यात चीन आता पुन्हा वावरतो आहे, आणि नानजिंगच्या चिंगहाय मंदिरात तहाचा इतिहास सांगणारे संग्रहालय उभे करून तो आपल्या पुढच्या पिढ्यांना १८४२ समजावून सांगतो.

आपल्याकडे मात्र हा इतिहास तुकड्यातुकड्यांत पडून आहे. वाडियांची गोदी एका धड्यात येते, आंग्र्यांचे आरमार दुसऱ्या धड्यात, कोरेगाव तिसऱ्या धड्यात. शिरूर आणि दौंडच्या शाळांतल्या शिक्षकांनी बंड गार्डनची सहल काढली, तर बंधाऱ्यापाशी उभे राहून जमशेटजी जीजीभाईंच्या चीनच्या वाऱ्या, नगरचे कलेक्टर पॉटिंजर आणि मुंबईच्या सागवानाची ‘कॉर्नवॉलिस’ या तिन्ही गोष्टी मुलांना एकत्र सांगाव्यात. सोबत जगाचा नकाशा न्यावा आणि मुलांना त्यावर मुंबई, कँटन आणि नानजिंग जोडणारी रेघ काढायला सांगावी.