चारचौघांत लेकराचा पाणउतारा : आईवडिलांनी बोलावं की गप्प बसावं?

आजचा विषय व्यासपीठावर फारसा येत नाही, पण कार्यक्रम आटोपून घरी परतताना गाडीत हमखास निघतो.

समजा, बारसं आहे. पन्नासएक माणसं जमली आहेत. आणि विहीणबाई सगळ्यांच्या देखत म्हणतात, ‘आमच्या सूनबाईंना काही जमत नाही हो, पोळ्यासुद्धा मलाच लाटाव्या लागतात.’ चारजण हसतात, दोघे खाली बघतात. ही सूनबाई म्हणजे तुमची मुलगी. तीस वर्षांची, नोकरी करणारी. आता तुम्ही काय करायचं?

आधी हे पाहू, की आपली जीभ अशा वेळी का अडते. व्याह्यांचं नातं विचित्र असतं. ते आपण निवडलेलं नसतं आणि तोडायचं म्हटलं तर झळ लेकराला बसते. त्यातून आपल्याकडे मुलीकडच्यांनी नमतं घ्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं आहे. लग्नातलं मानपान आठवा, विहिणीची पंगत आठवा. वरमाईचा रुसवा काढायला वधूकडची माणसं हात जोडून उभी! लग्नं आता बदलली, पण ते हात जोडणं अंगात राहिलंय. म्हणून पुष्कळ आईवडील कसंनुसं हसतात आणि ताटाकडे बघतात.

हे हसणं मात्र महागात पडतं, बरं का. सासूचं वाक्य मुलगी कदाचित विसरेल. पण त्या वाक्यावर आपली आई हसली, हे ती विसरत नाही.

मग फाडकन उत्तर द्यायचं का? इथे एक गोष्ट समजून घेऊ. मरे बोवेन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले. कुटुंबाचा अभ्यास करताना त्यांनी ‘त्रिकोणा’ची कल्पना मांडली. दोन माणसांमधला ताण वाढला, की त्यात तिसरं माणूस ओढलं जातं. ताण तेवढ्यापुरता वाटला जातो, पण मूळ दोघांचा प्रश्न तसाच राहतो. आपल्या उदाहरणात ताण सासू-सुनेमधला आहे. तुम्ही तावातावानं उतरलात, की भांडण दोन विहिणींचं होतं. मुलगी बाजूला पडते आणि जावईबापू तर अलगद सुटतात! खरं म्हणजे आपल्या आईशी बोलण्याची पहिली जबाबदारी त्यांची.

म्हणून पहिला नियम असा, की आधी विहिणीकडे नाही, मुलीकडे बघा. ती स्वतः उत्तर देत असेल, तर तिला देऊ द्या, मधे पडू नका. ती गप्प झाली असेल, डोळे भरले असतील, किंवा तुमच्याकडे बघत असेल, तर एक वाक्य बोला. एकच. आवाज न चढवता. ‘विहीणबाई, चारचौघांत तिच्याबद्दल असं बोललेलं मला आवडत नाही. काही असेल तर आपण निवांत बसून बोलू.’ आणि लगेच विषय बदला, बाळाकडे वळा.

हे वाक्य का चालतं? यात तुम्ही विहिणीच्या स्वभावावर बोललेला नाहीत, तिच्या बोलण्यावर बोललात. शिवाय तिला माघार घ्यायला वाट ठेवलीत. चारचौघांत ज्याची वाट बंद होते, तो माणूस आपलं म्हणणं आणखी रेटतो.

‘अहो, गंमत केली!’ असं उत्तर येईलच. त्यावर शांतपणे म्हणायचं, ‘असेल, पण तिला हसू आलेलं दिसत नाही.’ झालं. पुढे वाढवायचं नाही.

आणि मुलीच्या गुणांची यादी वाचू नका. ‘तिला एवढा पगार आहे, तिनं अमुक केलं’ असं सुरू झालं, की तिथे खटला उभा राहतो आणि मुलगी आरोपी ठरते. पोळ्या येणं-न येणं हा मुद्दाच नाही. मुद्दा अपमानाचा आहे.

मुलाच्या बाबतीतही हेच. व्याही सगळ्यांसमोर म्हणतात, ‘घर तर आमच्या मुलीच्या पगारावर चाललंय.’ पुरुषाला काय लागतंय, असं समजून हे हसण्यावारी नेलं जातं. त्यालाही लागतं. इथे वडिलांशी बोलायचं काम सुनेचं आहे आणि ते तिला तुमच्या मुलानं सांगायचं.

त्या रात्री विहिणीला फोन करू नका. मुलीला विचारा, ‘तुला काय वाटलं? मी काही करावं असं वाटतं का?’ ती ‘नको’ म्हणाली, तर थांबा. ती मोठी आहे, संसार तिचा आहे.

आता एक मर्यादा सांगतो. एखादा टोमणा वेगळा आणि रोजचा छळ वेगळा. तेच ते वारंवार होतंय, पैसे मागितले जातायत, माहेरी फोन करू देत नाहीत, अशी चिन्हं असतील, तर हा मानपानाचा प्रश्न राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाच मानतो. अपमान, टिंगल, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, हे सगळं त्यात येतं. सासू-नणंदेविरुद्धही त्याखाली दाद मागता येते. अशा वेळी काय बोललं गेलं, कधी, कुणासमोर, हे तारखेसह लिहून ठेवायला सांगा. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, महिलांसाठी 181 ही मदतवाहिनी आहे. निर्णय तिचाच. पण जिवाला धोका दिसला, तर परवानगीची वाट बघू नका, 112 लावा.

शेवटी एवढंच. आपणही कुणाचे तरी व्याही असतो. आपल्या सुनेबद्दल, जावयाबद्दल पाहुण्यांसमोर आपण काय बोलतो, ते त्यांचे आईवडीलही ऐकत असतात. पुढच्या समारंभाला निघण्याआधी नवराबायकोनं दोन गोष्टी ठरवा : वेळ आलीच तर आपलं ते एक वाक्य कोणतं, आणि ते कोण बोलणार.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.