मेल बंद, ठोके मोकळे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी एका कार्यालयातल्या 13 जणांची ई-मेल पाच दिवस चक्क बंद करून टाकली आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. मेल चालू असताना ही मंडळी तासाला सरासरी 37 वेळा स्क्रीनवरची विंडो बदलत. मेल गेली, तसा हा आकडा 18 वर आला.

खरी गंमत ठोक्यांत होती. निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. ताण आला की हा चढउतार कमी होतो. मेल चालू असताना ठोके असेच एकसुरी होते. बंद झाल्यावर ते मोकळे झाले. हा प्रयोग 2012 मध्ये जाहीर झाला. अर्थात तेरा जणांवर फार मोठा डोलारा उभारू नये.

मला जास्त बोचतो तो मार्क आणि सहकाऱ्यांचा 2008 मधला प्रयोग. बर्लिनमध्ये 48 जणांना मेलना उत्तरं लिहायला बसवलं आणि काहींना मध्येमध्ये फोन, चॅट करून छळलं. काम रखडेल असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच! व्यत्यय आलेल्यांनी काम लवकर उरकलं, दर्जाही घसरला नाही. पण वीसच मिनिटांत त्यांचा वैताग आणि दडपण वाढलं. टार्गेट पूर्ण, रिपोर्ट चकाचक. मग साहेबाला हे दुखणं दिसणार कुठून?

घरी तर ताण यायला मेसेज यावाच लागतो असंही नाही. व्हर्जिनिया टेकचे विल्यम बेकर आणि सहकाऱ्यांना आढळलं, की रात्रीही मेल बघावी लागेल या नुसत्या अपेक्षेनेच चिंता वाढते आणि तिची झळ जोडीदारालाही बसते.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलेलं खासगी विधेयक कामाच्या वेळेनंतर उत्तर न देण्याचा हक्क मागत होतं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून मोठ्या कंपन्यांना याबाबत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. मला ही वाट पटते, कारण फोन न उचलण्याची हिंमत एकट्यादुकट्याला करावी लागत नाही. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत मात्र बोलणी सुरू होण्याआधीच अडतील: क्लायंटची सकाळ आपल्या संध्याकाळी उजाडते, मग कामाची वेळ पुण्याची धरायची की शिकागोची?