जनुकाचे क्लोनिंग म्हणजे जुळा माणूस नव्हे

'क्लोनिंग' म्हटले की 1996 साली जन्मलेली डॉली मेंढी आठवते. त्यामुळे मेंदूतल्या एखाद्या प्रथिनाचे जनुक 'क्लोन केले' असे वाचून अनेकांना वाटते, की प्रयोगशाळेत दुसरा मेंदू तयार होतो आहे. तसे काही नसते. डीएनएचा एक तुकडा प्लास्मिडमध्ये (जिवाणूतील डीएनएचे छोटे कडे) जोडून जिवाणूत सोडतात. जिवाणू वाढतात तशा त्या तुकड्याच्या प्रती वाढतात. भिवंडीजवळच्या पूर्णा इथल्या गोदामातली एक पावती शोधून तिच्या हजार झेरॉक्स काढल्या, म्हणून दुसरे गोदाम उभे राहत नाही. झेरॉक्स सोपी, खरी दमछाक नेमकी पावती शोधताना होते. मग त्या तुकड्याचे अनुक्रमण (डीएनएतील ए, टी, जी, सी या घटकांचा क्रम वाचणे) होते.

नेमके जनुक शोधणे किती लांबते, याचे एक उदाहरण पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनी सिमोर बेंझर यांच्यासह 1976 मध्ये 'कोमाटोज' या जनुकीय दोष असलेल्या फळमाश्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान वाढवले की या माश्या लुळ्या पडतात, थंडाव्यात सावकाश सावरतात. दोष कोणत्या प्रथिनात, हे कळायला 1995 उजाडले. ते निघाले एनएसएफ. चेतापेशीतून संदेशद्रव्य सोडणारी यंत्रणा पुन्हा वापरण्याजोगी करणे, हे त्याचे काम. माणसातही हे प्रथिन आहे. या साऱ्या खटाटोपात दुसरी माशी घडवण्याचा प्रश्नच नव्हता; शोध एका जनुकाचा होता.